अग्निशमन केंद्रांच्या हद्दी नव्याने आखताना या चुका टाळा

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, तिचे क्षेत्र सुमारे २५० चौरस किलोमीटरवरून ५०० च्या पुढे गेले, आणि २०२४ मध्ये उरुळी देवाची व फुरसुंगी ही गावे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. ज्या शहराची सीमा सात वर्षांत तीनदा बदलते, तेथे कोणत्या केंद्राचा बंब कोणत्या वस्तीत आधी जायचा आणि रुग्णवाहिका कोठे उभी ठेवायची, हे ठरावीक काळाने पुन्हा ठरवावेच लागते. अशा फेरआखणीत होणाऱ्या चुका बहुतेक शहरांत सारख्याच असतात.

सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वाधिक होणारी चूक म्हणजे प्रभागांचा नकाशा घेऊन त्यावरच केंद्रांची नावे लिहिणे. प्रभाग लोकसंख्येच्या हिशेबाने पडतात आणि निवडणुकीआधी पुन्हा बदलतात. बंब मात्र रस्त्याच्या हिशेबाने धावतो. प्रभागाची हद्द अनेकदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध जाते, आणि मग त्याच रस्त्याच्या दोन बाजूंची वर्दी, म्हणजे मदतीसाठी आलेली खबर, दोन वेगळ्या केंद्रांकडे वळवली जाते.

दुसरी चूक कंपासची. केंद्रीय स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या निकषानुसार शहरी भागात दर १० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे. हा आकडा वाचून काही जण प्रत्येक केंद्राभोवती पावणेदोन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतात आणि आत येईल तो भाग ‘सुरक्षित’ धरतात. पुण्यात हे वर्तुळ मुठा नदीकाठीच फसते. डेक्कन आणि नारायण पेठ नकाशावर समोरासमोर दिसतात. परंतु झेड पूल दुचाकींपुरता आहे, खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि बंबाला लकडी पुलासारखा मोठा पूल गाठून वळसा घ्यावा लागतो. शिवाय पेठांच्या गल्ल्यांत छोटी गाडी शिरते तेथे शिडीची गाडी वळतही नाही. त्यामुळे एकाच केंद्राची हद्द प्रत्येक वाहनासाठी एकच असते हे गृहीतच चुकीचे आहे. उपाय खर्चिक नाही: गेल्या दोन-तीन वर्षांच्या वर्दीच्या नोंदी काढाव्यात, प्रत्येक गाडी केंद्रातून किती वाजता सुटली आणि घटनास्थळी किती वाजता पोहोचली ते पाहावे, आणि सकाळ, संध्याकाळ व रात्र यांचे वेगळे नकाशे करावेत. चालकांना विचारले तर यातील निम्मी माहिती ते तोंडपाठ सांगतील, पण आखणीच्या बैठकीला त्यांना बोलावण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही.

नोंदी हाती आल्या तरी सरासरीने घात होतो. शहराची सरासरी सहा मिनिटे आली म्हणजे वाघोलीच्या टोकाला सहा मिनिटांत गाडी पोहोचते असे नव्हे. मध्यवर्ती भागातील असंख्य जवळच्या वर्द्या तो आकडा खाली ओढत असतात. अमेरिकेतील एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेचे १७१० हे मानक पहिल्या बंबाच्या प्रवासासाठी चार मिनिटे देते, पण ती सरासरी म्हणून नव्हे, तर किमान ९० टक्के घटनांत पाळायची मर्यादा म्हणून. आपल्या रस्त्यांना चार मिनिटे परवडतील की आठ, हा वेगळा प्रश्न आहे. मोजण्याची ही रीत मात्र उचलण्यासारखी आहे.

याहून खोलवरची चूक म्हणजे गाडी नेहमी केंद्रातच उभी असते असे मानणे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रँड या संशोधन संस्थेच्या गणिती प्रारूपांच्या आधारे अग्निशमन पथके हलवण्यात आली आणि काही बंद करण्यात आली. त्यांतील काही आगींनी होरपळणाऱ्या ब्रॉन्क्समधील होती. वाहतुकीचा आणि आधीच बाहेर असलेल्या पथकांचा हिशेब त्या गणितात पुरेसा नव्हता, अशी टीका पुढे झाली. त्याच अभ्यासातील एक सूत्र मात्र आजही उपयोगी आहे: सरासरी अंतर हे उपलब्ध गाड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे अंतर निम्मे करायचे तर मोकळ्या गाड्या चौपट लागतात. म्हणून प्रत्येक भागासाठी पहिल्या केंद्राबरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या केंद्राचे नाव लेखी ठरलेले असावे.

रुग्णवाहिकांवर बंबाच्याच हद्दी लादू नयेत. आगीची गाडी काम संपवून आपल्या केंद्रात परतते. रुग्णवाहिका रुग्णाला घेऊन ससूनला जाते, तेथे खाटेसाठी थांबते आणि मोकळी होते ती आपल्या मूळ जागेपासून कितीतरी दूर. राज्यातील १०८ सेवा २०१४ पासून राज्य सरकारच्या आरोग्य विभागामार्फत चालते, महापालिकेमार्फत नाही, त्यामुळे पालिकेने नुसती रेषा ओढून तिच्या गाड्या हलत नाहीत. उभे राहण्याच्या जागा दोघांनी एकत्र बसून ठरवाव्या लागतात.

नवे नकाशे लागू झाल्यावर गडबड कोठे आहे हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. एकाच वर्दीला दोन केंद्रांच्या गाड्या निघत असतील, तर नियंत्रण कक्षात जुनी आणि नवी अशा दोन्ही याद्या वापरात आहेत. ठरलेल्या केंद्राआधी शेजारचे केंद्र वारंवार पोहोचत असेल, तर रेषा चुकली आहे आणि ती पुढच्या फेरआखणीपर्यंत न थांबता लगेच सरकवावी. नव्या गावांत गाडी वेळेत पोहोचूनही घर सापडत नसेल, तर दोष हद्दीचा नाही. तेथे सर्व्हे नंबर आणि सोसायटीचे नाव यांपलीकडे पत्ताच नसतो, तेव्हा नियंत्रण कक्षाच्या यादीत देऊळ, शाळा, कमान अशा खुणा भरून घ्याव्यात. गाडी पोहोचली पण पाणी संपले, अशी नोंद दोनदा दिसली, तर त्या भागात टँकर भरण्याची जागा आधी शोधावी आणि तोवर पहिल्या गाडीसोबतच जादा टँकर पाठवावा.

विसर्जन मिरवणूक आणि पालख्यांचा मुक्काम या दिवसांसाठी मात्र वेगळी, तात्पुरती आखणी हवी. लक्ष्मी रस्ता बंद असताना नेहमीच्या हद्दीला अर्थ उरत नाही; एक गाडी मिरवणुकीच्या आतल्या बाजूला आधीच उभी करावी आणि ती तेथून हलवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आदल्या दिवशीच्या आदेशात नमूद करावे.