कॅमेऱ्यातल्या फोटोची मोठी प्रिंट काढताना

मोठी प्रिंट बिघडते ती बहुतेकदा मशीनवर नव्हे, फाइल तयार करतानाच. म्हणून आधी पिक्सेल मोजा. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 × 4000 पिक्सेलचा असतो. इंचाला 300 पिक्सेल धरले तर 20 × 13 इंच, 200 धरले तर 30 × 20 इंच. हॉलमधली प्रिंट पाच-सहा फुटांवरून पाहतात, तिथे 150 वरही भागतं.

हा हिशेब अख्ख्या फ्रेमचा. नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात लांबून टिपलेला रोहित (फ्लेमिंगो) क्रॉप करून रुंदी-उंची निम्मी केली, की 6 मेगापिक्सेलच उरतात. 200 च्या हिशेबाने 15 × 10 इंच. मग 30 इंचांचा हट्ट सोडावा. आणखी एक: 16 × 24 किंवा 20 × 30 मध्ये पूर्ण फ्रेम बसते, 16 × 20 मध्ये बाजू कापल्या जातात.

एडिटिंग शक्यतो रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने नोंदवलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), रंगांच्या बारीक छटा राखणाऱ्या 16 बिटमध्ये करा. 100 टक्के झूम करून आकाश तपासा. अंजनेरीच्या डोंगरावरच्या मोकळ्या आभाळात सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका छोट्या प्रिंटमध्ये लपतो, मोठीत डोळ्यांत भरतो.

‘प्रिंट काळपट आली’ ही नेहमीची तक्रार. दोष बहुधा भडक स्क्रीनचा. स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरा आणि पडद्यावरचा पांढरा भाग तेवढाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग फोटो पुन्हा पाहा.

शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, सगळ्यात शेवटी, फाइल छपाईच्या मापाची केल्यावर. मॅट कागदावर शाई थोडी पसरते, त्याला जरा जास्त लागतं.

लॅबने कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) दिलं नाही तर फाइल एसआरजीबी या सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगपद्धतीत द्या. अॅडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीतली फाइल तिथे फिकी पडू शकते. पेनड्राइव्हवर टिफ किंवा सर्वोच्च दर्जाची जेपेग न्या, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. लॅबच्या मशीनचं ऑटो करेक्शन (रंग-उजेड आपोआप बदलणं) बंद ठेवायला बजावून सांगा. फ्लेक्सवाल्याकडे मात्र हे काम नेऊ नका.

पूर्ण प्रिंटआधी 8 × 12 च्या कागदावर फोटोचे तीन तुकडे खऱ्या मापात छापून घ्या: सर्वांत गडद, सर्वांत उजळ आणि चेहरा. ते दिवसाच्या उजेडात पाहा. हा खर्च वाचवण्यात शहाणपण नाही.

फ्रेमला काच असेल तर मॅट कागद बरा. काच आणि प्रिंट यांत माउंट बोर्डाची (प्रिंटभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट हवीच, नाहीतर पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटते आणि सोडवताना फाटते. ओल येणाऱ्या भिंतीवर ती टांगूच नका.