नव्या आउटबोर्ड इंजिनाचे पहिले दहा तास

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपत आली की कोकण किनाऱ्यावरच्या बऱ्याच छोट्या फायबर होड्यांवर नवे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे, इंजिन चढते, आणि हंगाम तोंडावर असल्यामुळे पहिल्याच फेरीला ते पूर्ण रेसवर पळवण्याचा मोह नाखव्याला आवरत नाही. या घाईची किंमत त्या दिवशी कळत नाही. दोन हंगामांनंतर इंजिन तेल खाऊ लागते, ओढ कमी होते, सकाळी दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, आणि दोष मात्र पेट्रोलला दिला जातो.

नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून पाडलेल्या, बारीक, तिरप्या रेघा असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांच्या टोकांवर घासून आपली जागा धरतात, आणि त्यासाठी रिंगांच्या मागे ज्वलनाचा पुरेसा दाब असावा लागतो. म्हणजेच इंजिनावर भार हवा. भार फार झाला तर घर्षणाची उष्णता वाढून पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. भार फारच कमी राहिला तर भिंतीवर जळक्या तेलाचा गुळगुळीत थर बसतो आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. त्यामुळे इंजिन पाण्याच्या पिंपात उभे करून दोन-तीन तास मंद चालू ठेवणे याला रनिंग-इन, म्हणजे नवे इंजिन रुळवणे, म्हणता येत नाही, जरी अनेक जण ते मोठ्या निष्ठेने करत असले तरी.

सुरुवात खाडीत, भरतीच्या वेळी करावी. ओहोटीला पाणी उथळ असते आणि इंजिन गाळ व वाळू ओढून घेते. फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर ते सरळ उभे ठेवून आधी तेलाची पातळी पाहावी. टू-स्ट्रोक असेल आणि तेल पेट्रोलमध्ये हाताने मिसळायचे असेल, तर पहिल्या दहा तासांसाठी इंजिनासोबत येणाऱ्या पुष्कळ पुस्तिका २५:१ हे प्रमाण सांगतात, म्हणजे एका लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर तेल; नंतर ते निम्म्यावर येते. तेल आधी थोड्या पेट्रोलमध्ये हलवून घ्यावे आणि मग उरलेले पेट्रोल ओतावे. या काळात धूर जास्त होतो व प्लग ओला होतो, म्हणून एक जादा प्लग आणि पाना सोबत असू द्यावा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर अनेक आउटबोर्डच्या पुस्तिका १० टक्क्यांची मर्यादा घालतात. हे विक्रेत्याला आधीच विचारावे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे टाकीत दिवसाला लागेल तेवढेच इंधन भरावे.

इंजिन सुरू होताच मागच्या छिद्रातून थंडाव्याच्या पाण्याची धार पडते की नाही ते पाहावे. धार सलग हवी, तिला हात लावून पाहावा: पाणी कोमट असेल तर ठीक. धार तुटक झाली किंवा पाणी चटका देऊ लागले तर इंजिन तिथेच बंद करावे. पाण्याबाहेर इंजिन क्षणभरही चालवू नये, कारण पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे चाक) कोरडा फिरला की लगेच खराब होतो.

काही मिनिटे मंद चालवून इंजिन गरम झाले की गिअर टाकावा. पहिला तास साधारण २,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) किंवा अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, म्हणजे अर्ध्या रेसपर्यंत, दुसरा तास ३,००० किंवा पाऊण थ्रॉटलपर्यंत, असा क्रम बऱ्याच पुस्तिकांत असतो. आपल्या इंजिनाची पुस्तिका वेगळे सांगत असेल तर तेच प्रमाण मानावे. मात्र या मर्यादेतही एकाच वेगावर तासभर बसून राहू नये, दर काही मिनिटांनी वेग थोडा वर-खाली करत राहावे. छोट्या इंजिनावर आरपीएमचे मीटर बहुधा नसते. प्लगच्या वायरला गुंडाळायचे स्वस्त मीटर मिळते, ते घ्यावे, कारण नव्या इंजिनाचा आवाज कानाला फसवतो. उरलेले आठ तास कोणत्याही वेगाने चालवता येते, फक्त पूर्ण थ्रॉटल एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त धरू नये. या दिवसांत जाळे, बर्फ आणि खलाशी यांचे ओझे हळूहळू वाढवत न्यावे.

प्रत्येक फेरीनंतर क्लॅम्पचे स्क्रू व पंख्याची पिन तपासावी आणि इंजिनातून गोडे पाणी फिरवावे. फोर-स्ट्रोकमध्ये तेलाची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन फार वेळ थंड व मंद चालले असे समजावे.

साधारण २० तासांनी पहिली सर्व्हिस करताना फोर-स्ट्रोकचे इंजिन तेल व फिल्टर आणि दोन्ही प्रकारांत गिअर तेल बदलावे. गिअर तेल खालच्या छिद्रातून वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरतात. काढलेल्या स्क्रूच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असेल तर काळजी नाही. कणी हाताला टोचली तर मेकॅनिकला दाखवावे. तेल दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी शिरते आहे.

शेवटी नेहमीचे ओझे घेऊन, सपाट पाण्यात, पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम मोजावे. पुस्तिकेतल्या कमाल पट्ट्यापर्यंत ते पोचत नसेल तर पंखा जड आहे, आणि कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, पंखा बसवेपर्यंत ते इंजिन रोज ओढाताणीतच चालत राहील.