जुन्या गाडीच्या छताचा आणि काचेच्या चौकटीचा गंज काढताना या चुका टाळा

छताच्या कडेला रंगाचा फोड दिसला की तो खरवडायचा, वर लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरायची आणि रंग मारून मोकळे व्हायचे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसॅडरच्या छताच्या कडेने पावसाचे पाणी वाहून नेणारी बारीक पन्हळ असते; तिच्यातले जुने सीलंट (सांधा बंद करणारा चिकट लेप) वाळून तडकले की पाणी दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरते आणि गंज आतून बाहेर येतो. त्यामुळे फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराच पोखरलेला असू शकतो. ठाणे आणि नवी मुंबईत खाडीवरून येणारी खारट, दमट हवा सांध्यातला ओलावा लवकर सुकू देत नाही, म्हणून इथे वरवरची दुरुस्ती फार काळ टिकत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि वरची लांबी उचलून टाकतो. म्हणून प्रथम फोडाभोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावा. जिथे तो दबतो किंवा कुरकुरतो, तिथपर्यंत तो कापून काढण्यास पर्याय नाही.

दुसरी चूक काच न काढता काम उरकण्याची. काचेभोवतीच्या रबराला टेप लावून भोवती रंग मारला की गाडी देखणी दिसते, पण गंज रबराच्या ओठाखाली, विशेषतः चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत, जिथे पाणी साचून राहते, तिथे वाढतच असतो. तो फुगून काचेवर दाब देतो आणि एके दिवशी कोपऱ्यातून तडा जातो. काच काढताना मात्र आतून लाथ मारू नये. नवे रबर हाती आल्यावरच जुन्याचा बाहेरचा ओठ धारदार पात्याने कापावा आणि दोघांनी मिळून काच सावकाश उचलावी.

रस्ट कन्व्हर्टरवर, म्हणजे गंजावर लावायच्या रसायनावर, भिस्त ठेवणेही चुकीचे आहे. त्यातले फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल पातळ गंजावर उपयोगी पडते. खपल्या सुटलेल्या किंवा भोक पडलेल्या पत्र्याला ते ताकद देत नाही.

वेल्डिंगमध्ये सर्वाधिक नुकसान होते ते घाईमुळे. छताचा पत्रा रुंद आणि जवळपास सपाट असतो. त्यावर गॅसची ज्योत फिरवली की तो वेडावाकडा होतो आणि मग ती लाट लपवायला लांबीचा जाड थर द्यावा लागतो. कार्बन डायऑक्साइड वेल्डिंगने लांब-लांब अंतरावर छोटे टाके घालून, प्रत्येक टाका थंड होऊ देत काम करणाऱ्या डेंटरला (गाडीच्या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला) दोन पैसे जास्त द्यावेत. कापलेल्या जागी बसवायच्या तुकड्याचा पत्रा मूळ जाडीचा असावा. वेल्डिंगआधी छताचे अस्तर उतरवावे, बॅटरीची वायर सोडावी आणि अग्निशामक जवळ ठेवावे, कारण ठिणगी अस्तरात शिरली की धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस छटा दिसते. म्हणून घासून साफ केलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा गंजरोधक थर) मारावा आणि लांबी त्याच्यावर द्यावी, थेट लोखंडावर नव्हे. सांध्यात हार्डवेअरच्या दुकानातले व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकोन अजिबात भरू नये. सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि ते उघड्या पत्र्याला गंजवते. गाड्यांसाठीचे पॉलियुरेथेन सीलंटच वापरावे. वेल्डिंगची मागची बाजू अनेक जण विसरतात. तिथे पोकळीत फवारायचे मेण आत पोहोचवले नाही, तर नवा तुकडाही आतून गंजायला लागतो.

अस्तर परत बसवण्यापूर्वी पाण्याची पाइप आधी चौकटीच्या खालच्या भागावर, मग हळूहळू वर पन्हळीपर्यंत न्यावी आणि आत एकाने टॉर्च घेऊन बसावे. वरूनच पाणी सोडले तर गळती नेमकी कुठून होते हे कळत नाही.