ऊस तुटला की पाल्याला काडी लावायच्या आधी हे वाचा

निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड भागात आता ऊसतोडीच्या टोळ्या फडात आहेत, आणि ऊस कारखान्याला गेला की एक-दोन दिवसात पाला पेटतोच. पाणी पुढं सरकत नाही, साप-विंचू असतात, खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांचंच पुढचं पीक, लवकर फुटून यायला पाहिजे, ही कारणं काही खोटी नाहीत. तरी यंदा पाला पेटवू नका, कळकळीनं सांगतोय.

एकरी साधारण 3 ते 4 टन पाला पडतो. तो जाळला की त्यातलं नत्र जवळपास सगळं हवेत जातं, कर्बही जातो, आणि मग तेच नत्र आपण युरियाच्या पोत्यातून विकत आणतो. 45 किलोच्या पोत्यात नत्र जेमतेम 21 किलो, ते वरून फोकून सरीत पाणी तुंबवलं की पिकाला पूर्ण लागत नाही, काही भाग नायट्रस ऑक्साईड होऊन उडतो, आणि हा वायू 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साईडपेक्षा सुमारे 273 पट जास्त तापवतो. अशा तापवणाऱ्या वायूंच्या देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा साधारण 14 टक्के धरतात, त्यात निम्म्याहून जास्त जनावरांच्या रवंथातून, बाकी मोठा भाग भातखाचरं आणि नत्रखतांचा. पाला जाळण्याचा वाटा त्यात लहानच आहे, पण गाय सोडा असं कुणी म्हणणार नाही, काडी आणि युरिया मात्र आपल्या हातात आहे.

करायचं काय, तर पाला सरीत ओढून घ्या आणि बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, छाटल्यावर लिटरला 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारा. मग पाल्यावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाला कुजवणारं कल्चर शेणखतात मिसळून टाका, पाणी द्या आणि ओलसर असतानाच पाला पायानं दाबून मातीला लावा. हा युरिया जिवाणूंसाठी आहे बरं का, पिकाचा हप्ता वेगळा. बगला फोडायची, म्हणजे सरीच्या वरंब्याच्या बाजू नांगरायची, गरज नाही.

पिकाचं खत पहारीनंच द्या. बुडख्यापासून अर्धा फूट लांब, अर्धा फूट खोल भोक, पुढचं भोक एक फुटावर, खत टाकून मातीनं बुजवायचं. पहिला हप्ता 15 दिवसांच्या आत एका बाजूला, दुसरा साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. मजुरी जास्त लागते हे खरं, पण पिकाचा युरिया पाल्यावर नुसता फोकला तर अमोनिया होऊन वरच्यावर उडतो, म्हणजे पैसेच उडाले की.

पाणी अडतंय असं वाटलं तर एक आड एक सरीत पाला भरा आणि मोकळ्या सरीनं पाणी सोडा. अथणीकडच्या काळ्या रानात तर पाणी कमीच सोडा, पाल्याखाली ओल बरेच दिवस टिकते.

कल्चरसाठी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात आधीच विचारून ठेवा, टोळी आल्यावर पळापळ नको. आणि शेजारच्या फडाला काडी लागणार असेल तर बांधाकडच्या दोन-तीन सऱ्यांतला पाला आत ओढून तेवढ्या सऱ्या भिजवून घ्या.