'इन्व्हिजिबल मॅन' वाचायला घेताय? मग अशी वाचा

राल्फ एलिसन या काळ्या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी बरेच जण उत्साहाने हातात घेतात आणि शंभर पानांत सोडून देतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. १९५२ ला आली, पुढच्या वर्षी नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, पण ते बाजूला ठेवा. फक्त हिरोच्या ब्रीफकेसवर लक्ष ठेवा.

आधी प्रोलॉग, तो अजिबात स्किप करू नका. तळघरात राहणारा, चोरीच्या विजेवर १,३६९ बल्ब लावून बसलेला हा काळा माणूस आपलं नाव शेवटपर्यंत सांगत नाही. तो जॅझ गायक-वादक लुई आर्मस्ट्राँगचं 'ब्लॅक अँड ब्लू' गाणं ऐकत असतो, तुम्हीपण एकदा ऐका, कारण एलिसन स्वतः ट्रम्पेट वाजवायचा, टस्कीगीच्या कॉलेजात संगीत शिकायला गेलेला, आणि त्याची लांबलचक वाक्यं जरा मोठ्याने वाचली की लय सापडते.

पहिलं प्रकरण मात्र अंगावर येतं, तयारी ठेवा. गावातले प्रतिष्ठित गोरे काळ्या पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना एकमेकांशी लढवतात, मग करंट सोडलेल्या गालिच्यावर नाणी टाकून ती वेचायला लावतात, आणि एवढं सगळं झाल्यावर आपल्या पोराला, म्हणजे तळघरातल्या त्याच माणसाला तरुणपणी, तोंडात रक्त असताना भाषण करायला लावतात. बोलता बोलता 'समानता' असं निसटतं आणि हॉल एकदम गप्प होतो. त्याला शब्द मागे घ्यावा लागतो, मग ब्रीफकेस मिळते, आत स्कॉलरशिपचा कागद.

इथेच पेन्सिल घ्या. बॅगेत काय आलं, कोणी दिलं आणि पोराला ते काय वाटलं एवढंच लिहीत जा. कॉलेजचा प्रमुख ब्लेडसो पत्रं देतो तिथे खास लक्ष द्या, तो स्वतः काळा आहे, म्हणून ही फक्त गोरे विरुद्ध काळे अशी गोष्ट समजून वाचलीत तर अर्धी निसटेल. इथे जो भेटतो तो ह्याच्यावर आपल्या सोयीची ओळख चिकटवतो.

रंगाच्या कारखान्याचा भाग सावकाश वाचा. पांढऱ्या रंगाच्या प्रत्येक डब्यात काळ्या द्रवाचे दहा थेंब टाकून तो दिसेनासा होईपर्यंत ढवळायचं, आणि हा शुभ्र रंग जाणार राष्ट्रीय स्मारकाला! माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात जबरदस्त प्रसंग.

नंतर हार्लेम, म्हणजे न्यूयॉर्कमधली काळ्यांची वस्ती, आणि ब्रदरहूड, म्हणजे तो ज्यात सामील होतो ती राजकीय संघटना, इथे मीटिंगा खूप आहेत, कंटाळा आला तर भरभर वाचा, पण संघटनेतला त्याचा सहकारी टॉड क्लिफ्टन रस्त्यावर बाहुल्या विकताना दिसतो तिथे थांबा.

शेवटचं प्रकरण आणि एपिलॉग एका बैठकीत संपवा, यादी जवळ ठेवून. अंधारात उजेडासाठी तो बॅगेतले कागद एकेक करून जाळतो, तो क्रम यादीशी ताडून बघा. त्यातल्या दोन कागदांवरचं अक्षर एकाच माणसाचं आहे हे त्याला तेव्हा कळतं, कोणाचं ते मी सांगणार नाही.