बीबीएच्या अभ्यासात या चुका टाळा

बारावीनंतर बीबीए किंवा बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्यांकडे वळणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या, आणि त्यांच्या पालकांच्याही, मनात या पदवीविषयी एक ठाम समज असतो की हा ‘थिअरी’चा अभ्यासक्रम आहे आणि परीक्षेआधी महिनाभर नोट्स वाचल्या की तो निघतो. पुढच्या तीन वर्षांतल्या बहुतेक चुकांचे मूळ या समजात आहे. व्याख्या पाठ करून पहिले सत्र कदाचित पार पडते. परंतु हिशेब, संख्याशास्त्र, कायदा आणि विपणन हे विषय एकमेकांत गुंतू लागले की आकडे एका वहीत आणि शब्द दुसऱ्या वहीत ठेवणारा विद्यार्थी अडतो.

पहिली चूक प्रवेशाच्या वेळीच होते. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. काही महाविद्यालयांनी मात्र त्याच धर्तीचे शिक्षण बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) अशा नावाने चालू ठेवले. त्यामुळे केवळ पदवीचे नाव पाहून निर्णय घेऊ नये. सहा सत्रांचे विषय, निवडता येणारी विशेषीकरणे आणि इंटर्नशिपची सोय हे तिन्ही मुद्दे प्रवेशाआधी महाविद्यालयाकडून लेखी घ्यावेत.

हिशेबाची भीती

विज्ञान किंवा कला शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याने पुस्तपालन शिकलेले नसते आणि पदवीच्या वर्गात रोजकीर्द (व्यवहारांची रोजची नोंद), खतावणी (त्या नोंदींची खातेवार मांडणी) व तेरीज (सर्व खात्यांच्या नावे-जमा शिलकांची जुळणी) दोन-तीन आठवड्यांत उरकली जाते. इथे मागे पडलेला विद्यार्थी सोडवलेली उदाहरणे पाठ करू लागतो, आणि आकडा बदलला की त्याचे गणित कोसळते. यावर उपाय साधा आहे. राज्य मंडळाचे अकरावीचे ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ हे पुस्तक मराठीत आहे आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य उतरवून घेता येते. पहिल्या महिन्यात रोज तासभर देऊन ते पुरे करावे. असे केल्याने महाविद्यालयाच्या पुस्तकातील इंग्रजी संज्ञांचा अर्थ आपोआप लागत जातो.

तेरीज जुळली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सगळे लिहून काढण्यात वेळ घालवू नये. आधी फरकाची रक्कम पाहावी. फरक 540 रुपयांचा असेल तर त्याच्या निम्मी, म्हणजे 270 रुपयांची, एखादी रक्कम जमेऐवजी नावे बाजूला गेली आहे का, हे तपासावे. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर 5,400 च्या जागी 4,500 लिहिण्यासारखी अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते. उलट, तेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबरच आहेत असेही मानू नये. एखादा व्यवहार मुळातच नोंदवायचा राहिला, किंवा यंत्राची खरेदी मालाच्या खरेदीत टाकली गेली, तरीही दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच येते. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आवडीने विचारला जातो.

याहून गंभीर गोंधळ नफा आणि रोकड यांच्यात होतो. इचलकरंजीतल्या एखाद्या कापड उत्पादकाने 8 लाख रुपये रोख खर्चून तयार केलेला माल तीन महिन्यांच्या उधारीवर 10 लाखांना विकला, तर नफा-तोटा पत्रकात 2 लाखांचा नफा दिसेल. पण त्या तीन महिन्यांत त्याच्याकडून 8 लाख रुपये बाहेर गेलेले असतील आणि एक रुपयाही आलेला नसेल. कामगारांचा पगार नफ्यातून नव्हे, रोकडीतून द्यावा लागतो. ही एक गोष्ट नीट उमगली की खेळते भांडवल आणि रोख प्रवाह पत्रक हे दोन धडे घोकावे लागत नाहीत.

विषय सुटे सुटे शिकणे

माझ्या मते या अभ्यासक्रमातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. विपणनाच्या उत्तरपत्रिकेत ‘सवलत दिल्याने विक्री वाढते’ असे विद्यार्थी बिनदिक्कत लिहितात आणि ब्रेक-इव्हनचे, म्हणजे ना नफा ना तोटा या स्थितीचे, गणित दुसऱ्या पेपरसाठी राखून ठेवतात. एका लहान खाद्यपदार्थ उद्योगाचे उदाहरण घेऊ. भाडे, पगार आणि इतर स्थिर खर्च मिळून महिन्याला 60,000 रुपये आहेत. एक पाकीट 50 रुपयांना विकले जाते आणि त्यामागे 30 रुपयांचा बदलता खर्च येतो. प्रत्येक पाकिटामागे 20 रुपये उरतात, म्हणून 3,000 पाकिटे विकली की ना नफा ना तोटा अशी स्थिती येते. आता किंमत 10 टक्क्यांनी उतरवून 45 रुपये केली, तर पाकिटामागे 15 रुपयेच उरतील आणि तीच स्थिती गाठायला 4,000 पाकिटे विकावी लागतील. किमतीतली दहा टक्क्यांची घट आवश्यक विक्री एक तृतीयांशाने वाढवते. हे चार ओळींचे गणित विपणनाच्या उत्तरात मांडणारा विद्यार्थी परीक्षकाच्या लगेच नजरेत भरतो आणि नोकरीच्या मुलाखतीतही टिकतो.

संख्याशास्त्राचेही तसेच आहे. पाच जणांपैकी चौघांना 15,000 आणि एकाला 1,40,000 रुपये पगार असेल, तर सरासरी 40,000 येते आणि मध्यका, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार, 15,000. महाविद्यालये जाहिरातीत सरासरी ‘पॅकेज’ सांगतात तेव्हा मध्यका किती आणि किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली, हे विचारण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे. सूत्र पाठ असूनही ज्याला हा प्रश्न सुचत नाही, त्याने तो धडा पुन्हा वाचावा.

कायद्याच्या पेपरात कलमांचे क्रमांक आठवण्यावर भर दिला जातो आणि प्रसंगावर आधारित प्रश्नात गुण जातात. भारतीय करार अधिनियम, 1872 शिकताना प्रत्येक प्रसंगाचे उत्तर ठरावीक क्रमाने लिहिण्याची सवय लावावी : घडले काय, लागू होणारा नियम कोणता, तो या प्रसंगाला कसा लागतो आणि म्हणून निष्कर्ष काय. अल्पवयीन मुलाने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलच्या 1903 च्या मोहरी बीबी खटल्यातील निर्णयाने पक्के झाले. असा एखादा निवाडा योग्य ठिकाणी आला की उत्तराला वजन येते.

मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी इंग्रजीच्या धास्तीने गाइडमधली वाक्ये जशीच्या तशी पाठ करतात. संकल्पना मराठीत पक्की करावी आणि तीच रोज एका परिच्छेदात स्वतःच्या साध्या इंग्रजीत लिहावी. परीक्षकाला अलंकारिक भाषेची अपेक्षा नसते. मुद्दा आणि त्याचे उदाहरण त्याला हवे असते.

प्रकल्प आणि बॅकलॉग

प्रकल्प अहवाल बाजारातून बांधून आणणे हा सरळ गैरप्रकार आहे आणि तोंडी परीक्षेत तो दोन प्रश्नांत उघडा पडतो. मोठ्या कंपनीचा उंबरठा न मिळाल्याने अनेक जण या वाटेला जातात. पण त्याची गरज नसते. गावातली दूध संस्था, नात्यातल्या कुणाचे औषधांचे दुकान किंवा ओळखीची फाउंड्री यांपैकी कुठेही परवानगी घेऊन महिनाभर साठा, उधारी आणि विक्री यांची नोंद ठेवली, तर अहवालासाठी अस्सल आकडे मिळतात. मालकाची नावे व रकमा गोपनीय ठेवण्याचे लेखी आश्वासन दिले की नकार सहसा येत नाही.

एखादा विषय नापास होऊन राहिलाच, म्हणजे बॅकलॉग झालाच, तर तो ‘शेवटच्या वर्षी एकदम काढू’ म्हणून पुढे ढकलू नये. पहिल्या वर्षाचे हिशेब राहिले असताना परिव्यय (उत्पादनखर्चाचा हिशेब) आणि वित्त व्यवस्थापन समजणे जवळजवळ अशक्य होते. पुढे एमबीए करायचे असल्यास गुणांचाही प्रश्न येतो : कॅट (आयआयएमसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा) आणि राज्याची एमबीए सीईटी या दोन्हींसाठी खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान 50 टक्के गुण लागतात. म्हणून प्रत्येक सत्राचा निकाल लागताच विद्यापीठाच्या नियमांनुसार आपले मिळालेले आणि राहिलेले क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरवून दिलेले श्रेयांक) मोजावेत, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेतील आपल्या खात्यात त्यांची नोंद झाली आहे का ते पाहावे आणि काही चूक आढळली तर त्याच आठवड्यात परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.