पंप मंदावला आणि व्हिनेगर कामाला आलं
कोरलच्या (समुद्री प्रवाळाच्या) टाकीतला पंप घरघरायला लागला, प्रवाहही मंदावला. नवीन घ्यायच्याच बेतात होतो. म्हटलं, आधी उघडून तर बघू. प्लग काढून खोलला, तर आतल्या फिरकीवर पांढरा-जांभळा खरखरीत थर! कोरलसाठी आपण पाण्यात कॅल्शियम राखतो, तेच पंपातही जाऊन बसतं.

पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी बादलीत घेऊन सुटे भाग तासभर बुडवले. टाकल्या टाकल्या बारीक बुडबुडे फसफसले. उरलेला थर जुन्या टूथब्रशने सुटला. चुंबकाच्या खाचेत ब्रश जाईना, तिथे कान साफ करायची कापसाची काडी चालली. भरपूर पाण्याने धुऊन पंप परत बसवला. घरघर गायब.

बादली आणि ब्रश टाकीसाठी वेगळेच ठेवलेत. साबण लागलेलं काहीही टाकीत नको, आणि तांब्या-पितळेचं तर अजिबात नको. कोळंबी, गोगलगायींना तांबं विषासारखं.

काचेवरचा थर मी जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो. कोरलवरचा गाळ उडवायला सुई काढलेली मोठी सिरिंज. जोर मात्र बेताचा हवा. पहिल्यांदा मी जोरात दाबली, तर सगळे पॉलिप (कोरलचे फुलासारखे इवले जीव) दोन तास रुसून मिटून बसले होते.